समुपदेशनातला उपदेश

पंचायत समितीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, तीन पंखे, त्यातला एक चालू. जेवणानंतरचं सत्र. समोर तीसेक आशाताई, काहींच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय, कारण येताना बाजार केलेला. मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि दोघींना पुढं बोलावलं. एकीनं झोप उडालेली बाई व्हायचं. दुसरीनं पाच मिनिटं फक्त ऐकायचं. मोबाइलवर वेळ लावली.

बाई झालेल्या ताईंनी पदर सावरला आणि झकास सुरुवात केली. "काय सांगू बाई, रात-रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई..."

समोरच्या ताई म्हणाल्या, "दूध पिऊन झोपत जावा. हळद घालून."

अठरा सेकंद झाले होते. सगळा हॉल हसला, मीही हसले. पुढच्या तीन जोड्यांचीही तीच गत. "चार दिवस म्हायेराला जाऊन या." "मनाला लावून घेऊ नका." "मालकांच्या गळ्यात माळ घाला, दारू आपोआप सुटती." सगळे सल्ले मायेनं दिलेले. अडचण तीच आहे. तुसडेपणानं दिलेला सल्ला सोडवणं सोपं, मायेचा सल्ला फार चिवट असतो.

मराठीत या कामाला आपण समुपदेशन म्हणतो. शब्द फोडून बघितला की आत उपदेश बसलेला सापडतो, चांगला मांडी घालून. मी या क्षेत्रात आले तेव्हा माझ्या दारावरच्या पाटीवर 'समुपदेशक' लिहिलेलं होतं आणि त्या पाटीखालून आत येणारा प्रत्येक माणूस उपदेश घ्यायला आलाय अशीच माझी समजूत होती. त्यांचीही बहुधा तीच असावी. 'सल्ला', 'मार्गदर्शन', 'चार शब्द सांगणं' हे शब्द आपल्याकडे भरपूर. नुसतं ऐकून घेण्याच्या कामाला मात्र नाव नाही. 'ऐकून घेणं' म्हटलं की बोलणी खाणं असा अर्थ निघतो.

माझी स्वतःची समजूत उतरली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलेलं. शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं, तिथं मी गळ्यात ओळखपत्र अडकवून पोचले. आपत्तीनंतरच्या मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतले तीन शब्द पाठ होते. पाहा, ऐका, जोडा.

वर्गाच्या कोपऱ्यात, पाढ्यांच्या तक्त्याखाली एक आजी भिंतीला टेकून बसलेली. दोन दिवस जेवली नव्हती. तिची म्हैस गोठ्यात बांधलेली राहिली होती. पाणी रात्रीत चढलं, मुलानं हिला उचलून बोटीत घातलं, आणि दावं सोडायचं राहून गेलं.

मी तिच्याशेजारी बसले, हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजी, जीव वाचला हे महत्त्वाचं. म्हैस परत घेता येईल."

तिनं हात काढून घेतला. माझ्याकडं बघत विचारलं, "तू म्हस सांभाळलीयास का कवा?"

मी शहरातली, मंगळवार पेठेत वाढलेली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

तासाभरानं गावच्या दूध संस्थेत माप घेणारा माणूस आला. पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत चिखल. आजीसमोर उकिडवा बसला, थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मागल्या आठवड्यात फॅट आठ लागलं होतं की तुझ्या म्हशीला." आजीनं मान वर केली. कुठल्या बाजारातनं आणली, पहिलं वेत कधीचं, रेडकू कसं निपजलं, दावं कसं गच्च बसलं होतं, हे सगळं ती सांगत गेली आणि तो "व्हय", "व्हय" करत राहिला. रडूनही झालं. शेवटी त्यानं एवढंच सांगितलं की पंचनाम्याला तलाठी येणार आहेत, त्याच्या वहीत म्हशीची नोंद आहे, ती वही तो घेऊन येईल. पाहिलं, ऐकलं, जोडलं. त्यानं ती मार्गदर्शिका वाचलेली नव्हती.

या गोष्टीवरून 'शिक्षण कशाला, माणुसकी पुरे' असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात, आणि मला ते पटत नाही. त्या माणसाला त्या दिवशी जमलं कारण विषय म्हशीचा होता. आजीऐवजी तिचा मुलगा असता आणि 'आता जगून काय करू' म्हणाला असता, तर तोही कदाचित माझ्यासारखाच "असलं बोलू नगंस, पोरांकडं बघ" म्हणाला असता. माणुसकी होती. पुढच्या पायरीचं कसब शिकवायला कुणी आलं नव्हतं. ते कुणी शिकवायचं, कुणाला, आणि शिकवून झाल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे प्रश्न माझ्या डोक्यात त्या वर्गातून आले आणि अजून तिथंच आहेत.

तेव्हापासून मी दूध संस्थेकडं वेगळ्या नजरेनं बघते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला गोकुळ, १९६३ चा. गावागावात संस्था, सकाळ-संध्याकाळ माप, फॅट बघणारा, हिशेब लिहिणारा सचिव, कृत्रिम रेतन करणारा प्रशिक्षित माणूस, आणि त्यांच्या वर पशुवैद्यकीय डॉक्टर. म्हशीनं दूध कमी दिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वहीत दिसतं आणि कुणीतरी विचारतंच, "काय झालं गं म्हशीला?" साध्या तक्रारीला कुणी पदवीधर डॉक्टर शोधत बसत नाही, आणि डॉक्टरच लागणार असेल तेव्हा त्याला बोलवायची वाट सगळ्यांना ठाऊक असते. म्हशीसाठी अशी पायरी-पायरीची व्यवस्था या जिल्ह्यानं स्वतः उभी केली. तिला पाजणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईचं मन महिनाभर आटत गेलं तर ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

आकडे घ्या. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणच्या आसपास, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. पाऊणकीच्या हिशेबानं २९ डॉक्टर होतात, बारा तालुक्यांना. आणि हा सरासरीचा हिशेब झाला, डॉक्टर काही सरासरीनं राहत नाहीत. ते शहरात राहतात, आणि चंदगडची बाई शंभराहून जास्त किलोमीटर एसटीनं येते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं निघालं. आमच्याकडं मनाच्या आजाराला पूर्वी दोनच मुक्काम माहीत होते. एक देवऋषी, 'बाहेरचं' बघायला. दुसरा आंबा घाटापलीकडचा, रत्नागिरीचं मनोरुग्णालय. "रत्नागिरीला न्हेऊन सोडा ह्येला" हे वाक्य मी लहानपणी चेष्टेतही ऐकलंय आणि रागातही. मधल्या पायऱ्या नव्हत्याच.

कागदावर मात्र त्या आहेत, आणि बऱ्याच जुन्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बळ्ळारीत करून पाहिलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क ठरवला. २०२१ च्या कायद्यानं समुपदेशक, मानसशास्त्राचे लोक, मनोसामाजिक काम करणारे यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. हे सगळं गरजेचं होतं. पण नवी भूमिका कायद्याच्या पानावर जन्मते तेव्हा तिला हातपाय नसतात.

हातपाय आशाताईंचे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी त्या जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू झाल्यावर शेवटाकडं मनाचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा झालं? प्रत्येकी शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं किंवा डॉक्टरांकडं पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत, जगभर वापरून पारखलेले आहेत. फक्त आमच्याकडं उसाचा पट्टा. एका ताईंनी घरात जाऊन विचारलं, "मावशी, रस वाटत न्हाई असं होतं का?" मावशी म्हणाल्या, "गुऱ्हाळ बंद झाल्यापास्नं कुठला आलाय रस!"

मग आम्ही हॉलमध्ये फळा घेऊन बसलो आणि गावात लोक काय म्हणतात ते लिहून काढलं. 'नैराश्य' एकीनंही सांगितलं नाही. काय करू वाटंना. कशात जीव रमंना. अन्न ग्वाड लागंना. जिवाला घोर लागलाय. काळीज धडाधडा करतंय. टकुऱ्यात मुंग्या आल्यागत हुतंय. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं, लई इचार कराल्तंय. फळा भरला. त्या दुपारी मी काहीही शिकवलं नाही आणि तीन दिवसांतलं सगळ्यात कामाचं सत्र तेच झालं.

'लई इचार' वाचून मला हरारे आठवलं. म्हणजे मी कधी गेलेली नाही, वाचलेलं आठवलं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं २००६ मध्ये चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तिथल्या शोना भाषेत ज्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अतिविचार, त्यावर या आज्या लोकांशी बोलू लागल्या. बोलायच्या म्हणजे मुख्यतः ऐकायच्या, आणि एकच अडचण निवडून तिच्यातून वाट काढायला सोबत करायच्या. पुढं रीतसर अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली. इतक्या लांब समुद्रापलीकडं त्याच दुखण्याला लोकांनी तेच नाव दिलेलं. आपल्याकडं पार आहेत, कट्टे आहेत, देवळापुढच्या पायऱ्या आहेत, आज्या तर ढिगानं. त्या आज्यांना ऐकायला शिकवणं तेवढं बाकी. (माझ्या आईला मी प्रयत्न करून पाहिला. ती म्हणाली, "मी ऐकतो की, पण चूक असंल तर सांगू नको व्हय?" आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी जातो'च म्हणतात, परगावच्या माणसानं दचकू नये.)

शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेनं, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटी. भर कशावर, तर थांबलेली छोटी-छोटी कामं पुन्हा सुरू करण्यावर. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले आणि ते चांगले होते. या कामाचं कौतुक सगळे करतात. मला त्यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो, आणि भाषणांत नेमका तोच गाळला जातो. हे समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण आठवड्याच्या बैठकीत एकत्र ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे. म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर खरं शिकणं सुरू व्हायचं.

कोल्हापुरात राहून तालमीचा दाखला द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण इथं टळत नाही. गंगावेशीत पोरगं तीन दिवस डाव शिकून कुस्तीला उतरत नाही. वस्ताद रोज आखाड्याच्या काठावर उभा असतो, पाय कुठं पडतोय बघत. आमच्याकडं मात्र तीन दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, गटफोटो, आणि चौथ्या दिवशी ती बाई एकटी. मी असली प्रशिक्षणं घेतली आहेत, गटफोटोत मधोमध बसलेली आहे, त्यामुळं हा दोष दुसऱ्यावर टाकता येत नाही. एकदा एका कार्यालयात मी नंतरच्या पाठराखणीचा खर्च मांडला, तर साहेबांनी तो आकडा पेन्सिलीनं खोडून फ्लेक्सचा आकडा वाढवला.

आशाताईंवर आधीच किती ओझं आहे ते गावात सगळ्यांना दिसतं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या त्या बाळंतपण आणि लसीकरणासाठी. मग क्षयरोग आला, कुष्ठरोग आला, कोविड आला, वेगवेगळी सर्वेक्षणं आली. मोबदला मूळचा कामागणिक. आता त्यात मन. रजिस्टरात एक पान वाढवलं म्हणून भूमिका तयार होत नाही. ऐकायला वेळ लागतो आणि त्या वेळेचा रकाना रजिस्टरात नाही.

आणखी एक गाठ आहे, ती शहरातल्या माणसाच्या लक्षात उशिरा येते. आशाताई गावची सून असते, म्हणजेच कुणाची तरी जाऊ, कुणाची भावजय, कुणाच्या भावकीतली. तिच्यापाशी सासूबद्दल बोलायचं कसं? एका बाईनं मला सरळ सांगितलं, "तुमच्या आशाताई लई चांगल्या हायत, पण त्या माझ्या चुलत नंदंच्या जावा." जवळीक हेच ज्यांचं बळ, तीच त्यांच्या कामातली अडचण. प्रशिक्षणात गोपनीयतेचं एक पान असतं, मी ते वाचून दाखवायचे. हल्ली मी तिथं दोन दिवस थांबते. पाणी भरताना कुणी विचारलं, "काल तिच्या घरात तासभर काय कराल्ता?", तर काय उत्तर द्यायचं, याची तालीम करून घेते. सर्वांत चांगलं उत्तर एका ताईंनी काढलं, "बीपी बघालतो." काही जोडगावांत आम्ही ताईंची अदलाबदल करून पाहिली, या गावची त्या गावात. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी चालण्याचं अंतर आड आलं.

आणि मग तो एक प्रश्न. "जीव द्यायचा इचार मनात येतो का?" हॉलमध्ये हा प्रश्न मोठ्यानं म्हणायला लावला की सगळ्यांचा आवाज बारीक होतो. "विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं आलं तर?" ही भीती प्रत्येक गटात निघते. विचारल्यानं ते येत नाही. आत कोंडलेलं असेल तर बाहेर यायला जागा मिळते. पण हे मी सांगून पटत नाही, तोंडानं दहा वेळा म्हणून पटतं. मग पुढचं कसब, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचारणं, ते काही दिवस दुसऱ्या घरी हलवणं, एकटं न सोडणं, १४४१६ लावून देणं. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. पोलीस केसची भीतीही काढावी लागते. २०१७ च्या कायद्यानं असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. तरी गावात "केस हुती" हेच चालतं. कायदा मुंबई-दिल्लीहून निघून ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचायला एसटीपेक्षा जास्त वेळ घेतो.

सगळ्या नव्या भूमिका आरोग्य खात्यातूनच याव्यात असं मला आता वाटत नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं तेव्हापासून व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथं पुढच्यांना हात देत आली आहेत. आजारातून गेलेला माणूस हा कर्मचारी होऊ शकतो, ही कल्पना आपल्याला बाहेरून आणायला नको. आणि मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्या ग्रामसभेत 'मानसिक आरोग्य' हा शब्द कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. पण घरात कोंडून पडणाऱ्या किती बायकांना त्यामुळं उंबरा ओलांडता येईल, याचा हिशेब माझ्या क्षेत्रातल्या माणसांनी करायला हवा.

ते दूध संस्थेतले माप घेणारे गृहस्थ मी विसरले नाही. दोन वर्षांनी, २०२१ च्या पुरानंतर, त्यांना आणि आणखी चार-पाच संस्थांच्या सचिवांना गाठलं. रोज दोनदा गाव त्यांच्यासमोरून जातं. कोण यायचं बंद झालं, कुणाच्या घरातनं आता लहान पोर कॅन घेऊन येतंय, कुणी हिशेबावरून उगाच भांडलं, हे त्यांना सगळ्यांआधी कळतं. मी म्हटलं, तुम्ही उपचार करू नका, सल्ला देऊ नका, फक्त विचारा आणि आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. एक जण म्हणाले, "म्हणजे मॅडम, फॅट लागलं न्हाई तर डाक्टरला कळवायचं, तसंच की." मी इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी पॉवरपॉइंट करत होते ते वाक्य त्यांनी मापाची किटली धुता धुता सांगून टाकलं. पाचांपैकी दोघं अजून करतात. तिघांनी सोडलं, कुणी वेळ नाही म्हणून, कुणी संस्थेच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाला गेला म्हणून. कोल्हापूर आहे.

परवा संध्याकाळी त्या हळद-दूधवाल्या ताईंचा फोन आला. आवाज बसलेला. "म्याडम, आज त्या मळ्यातल्या बाईकडं गेलतो. मी काईच बोललो न्हाई. एक शब्द न्हाई. ती दीड तास बोलली." मी म्हणणार होते, छान, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तिचं सगळं माझ्या टकुऱ्यात भरलंय आता. घरात आलो, भाकरी थापली, पर घास जाईना. ह्ये कुणाला सांगू?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. दोन दिवस विश्रांती घ्या, असं काहीतरी. ते गिळलं आणि म्हटलं, "मला सांगा."

त्या बोलत राहिल्या. त्या बाईचं थोडं, मग हळूहळू स्वतःचं जास्त. अकरा वर्षांपूर्वीचं बाळंतपण, दवाखान्याच्या वाटेवरच गेलेलं मूल. ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या गटाबरोबर मी तीन दिवस एका हॉलमध्ये काढले होते. मध्येच पलीकडं म्हैस हंबरली. "थांबा, साडेसात वाजलं, दूध घालायचं हाय," त्या म्हणाल्या. "संस्था बंद करतील. उद्या परत करतो."